योनाथानाचा कमरपट्टा

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील एक माउली मुलाला घेऊन आमच्या ओसरीवर आली. मुलगा शाळान्त परीक्षा उत्तीर्ण झाला होता. घरी पेढे वाटले जायचे. परंतु शेजारचा मुलगा त्याच्याहून बऱ्याच गुणांनी पुढे गेला होता. "त्याच्यासारखा हो, म्हणून पाच वर्षे सांगते आहे, फादर," असे म्हणून बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मुलगा मान खाली घालून अंगठ्याने जमीन उकरीत उभा होता. हीच दोन मुले पूर्वी मिस्सेच्या वेळी जोडीने वेदीसेवा करीत. आता ती एकमेकांशी बोलत नाहीत, हे आम्हास त्या दिवशी कळले.

उपदेश करण्याचा आम्हास तरी काय अधिकार? सेमिनरीत आमचा एक सहाध्यायी होता. रात्र जागून लिहिलेले प्रवचन आम्ही वाचू लागलो की मागच्या बाकावर जांभया सुरू होत. तो मात्र हाती कागद न घेता उभा राही, आणि स्वयंपाकघरातील माणसेसुद्धा दाराशी येऊन ऐकत. आम्ही तोंडावर त्याची स्तुती करीत असू आणि त्याच्या व्याकरणाच्या चुका मनात जपून ठेवीत असू. एका सणाच्या दिवशी तो प्रवचनात मध्येच अडखळला. त्या क्षणी आमच्या जिवाला जो गारवा वाटला, त्याची लाज आज वीस वर्षांनीही गेलेली नाही. खादाडाला निदान जेवण तरी मिळते. मत्सरी माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा अठरावा अध्याय वाचकांनी घरी एकदा मोठ्याने वाचावा. गल्याथाला मारून दावीद परततो. स्त्रिया नाचत-गात सामोऱ्या येतात, आणि त्यांच्या गाण्यात दाविदाचा आकडा राजाच्या आकड्याहून दहापट मोठा असतो. शौलाला तेवढे पुरले. दुसऱ्याच दिवशी तो वीणा वाजविणाऱ्या दाविदावर भाला फेकतो. त्याच अध्यायाच्या आरंभी शौलाचाच पुत्र योनाथान आहे. खरे पाहता पोटात दुखायचे ते त्याच्या, कारण गादी जायची ती त्याची. पण तो आपला झगा, तलवार, धनुष्य, इतकेच काय, कमरपट्टादेखील काढून त्या मेंढपाळाच्या पोराला देतो. तो काही दुबळा नव्हता. एकच शस्त्रवाहक बरोबर घेऊन, हातापायांनी कडा चढून, त्याने पलिष्ट्यांचे ठाणे उधळले होते.

संतांचा आदर्श पुढे ठेवला म्हणजे ही व्याधी आपोआप बरी होते, असेही नव्हे. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडल्यावर संत इग्नाती लोयोलाच्या घरी अंथरुणास खिळले. त्यांनी शूरांच्या कथा मागितल्या. त्या घरात नव्हत्या. मिळाले ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. वाचता वाचता ते मनाशी म्हणू लागले की दोमिनिकने आणि फ्रान्सिसने जे केले ते आपणही केलेच पाहिजे. या विचारात भक्ती होती, तशीच सैनिकाची चुरसही होती, असे आम्हास वाटते. पुढच्या वर्षी मानरेसा येथे त्यांनी केस विंचरणे सोडले, नखे वाढविली आणि इतके उपास केले की प्रकृती जन्माची बिघडली. नखे त्यांनी पुढे स्वतःच कापली. आणि अधिकारी झाल्यावर आपल्या माणसांना ते अतिरेकी उपासांपासून आवरीत. संतांकडून काय घ्यावयाचे हे त्यांना उशिरा, आणि स्वतःच्या पोटाची किंमत देऊन, उमगले.

असो. आम्ही त्या मुलालाच विचारले, "शेजारच्या मित्राचे तुला काय आवडते?" त्याने प्रथमच मान वर केली. "तो गणित समजावून सांगायचा, फादर. आणि मी विहिरीची मोटर खोलायचो तेव्हा बॅटरी धरायचा."

"मोटर तू दुरुस्त करतोस?" आम्ही विचारले. आई म्हणाली, "साऱ्या वाडीच्या करतो." तिच्या स्वरात त्या संध्याकाळी पहिल्यांदाच किंचित अभिमान होता.

निघताना आम्ही त्यांना पेढे घेऊन आधी शेजारच्या घरी जाण्यास सांगितले. बाई दारात क्षणभर घुटमळल्या. ते पेढे गेले की नाही, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.