रूळ गेले, वाट राहिली

जर्मनीच्या पश्चिम भागात विटेन नावाचे एक मध्यम आकाराचे शहर आहे. त्याच्या शिवेवर, हार्डनस्टाइन किल्ल्याच्या पडक्या भिंतींखाली, रूर नदीवर एक छोटी फेरीबोट चालते. नदीकाठच्या सायकलमार्गावरून आलेले लोक सायकलींसह तिच्यात चढतात आणि काही मिनिटांत पैलतीरावर उतरतात. भाडे नाही, वाटल्यास डब्यात नाणे टाकावे. दीर्घकाळ बेरोजगार राहिलेल्यांना काम मिळावे यासाठी झटणाऱ्या एका स्थानिक संस्थेने २००६ मध्ये ही फेरी सुरू केली. त्याच वर्षी रूर खोऱ्याचा सायकलमार्ग खुला झाला. कोळसा आणि पोलादाच्या या प्रदेशाचे काय झाले हे समजून घ्यायचे तर मोठ्या संग्रहालयांपेक्षा ही होडी अधिक उपयोगी आहे. तिच्यात बसणारा सुटीवर आलेला असतो आणि ती चालवणारा कामाच्या शोधात असलेला.

हा मार्ग विंटरबर्गच्या डोंगराळ भागातील उगमापासून डुइसबुर्गला रूर ऱ्हाइनला मिळते तिथपर्यंत, सुमारे २४० किलोमीटर जातो. वरच्या अर्ध्या भागात वने, शेते आणि लहान गावे आहेत. खालच्या अर्ध्यात जुने जलपाश, खाणींची तोंडे, रेल्वेचे लोखंडी पूल आणि थंड पडलेल्या झोतभट्ट्या लागतात. तो सर्वस्वी वाहनमुक्त नाही. अधूनमधून गावातल्या शांत रस्त्यांचा आधार त्याला घ्यावा लागतो. तरीही बराचसा भाग मोटारींपासून दूर आहे. याचे कारण आधुनिक नियोजनापेक्षा जुने आहे. १७८० च्या सुमारास प्रशियाच्या राजवटीत रूर नौकानयनासाठी खुली करण्यात आली. कोळशाने भरलेल्या होड्या काठावरून घोडे ओढत नेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपातील सर्वाधिक वर्दळीच्या नद्यांत तिची गणना होई. पुढे रेल्वे आली, होड्या थांबल्या, पण घोड्यांची पाऊलवाट काही ठिकाणी टिकून राहिली. आज तीच सायकलींची वाट आहे.

विटेनच्या खाली हाटिंगेन लागते. तेथील हेनरिश पोलाद कारखाना १८५४ मध्ये स्थापन झाला. १९८७ मध्ये तो बंद होणार हे कळताच गावाने लढा उभारला. कामगारांबरोबर दुकानदार, शिक्षक आणि धर्मगुरूही रस्त्यावर उतरले, हजारोंच्या सभा झाल्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात शेवटची झोतभट्टी विझलीच. दोन भट्ट्यांपैकी एक सुटी करून चीनला विकली गेली. दुसरी संग्रहालयात उभी आहे. सायकलस्वार तिच्यापाशी थांबतात, छायाचित्रे काढतात, पुढे जातात.

या छायाचित्रांवरूनच एक सोपी कथा तयार झाली आहे आणि ती जगभर सांगितली जाते: खाणी बंद झाल्या, पर्यटन आले, प्रदेश सावरला. ही कथा खरी नाही. १९५७ मध्ये रूर प्रदेशात सुमारे ५ लाख लोक कोळसा खाणींत कामाला होते. १९५८ पासून स्वस्त तेल आणि आयात कोळशामुळे खाणी एकामागून एक बंद होऊ लागल्या. बोट्रॉपची अखेरची खाण डिसेंबर २०१८ मध्ये थांबली. म्हणजे हा ऱ्हास साठ वर्षे चालला आणि सरकारी अनुदाने, मुदतपूर्व निवृत्ती व पुनर्प्रशिक्षण यांनी त्याचा वेग मुद्दाम कमी ठेवला. इतके करूनही गेल्सनकिर्शेनचे नाव जर्मनीतील सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांत वारंवार येते. बोखुममध्ये जुन्या खाणीच्या जागेवर १९६२ मध्ये आलेला ओपेलचा मोटार कारखाना २०१४ मध्ये गेला. सायकलमार्गाने उपाहारगृहे आणली, अतिथीगृहे आणली, काही दुरुस्तीची दुकाने आणली. झोतभट्टीवर मिळणारा पगार त्याने आणला नाही आणि आणेल अशी अपेक्षाही जाणत्यांनी कधी धरली नव्हती.

मग या वाटेचे महत्त्व कशात आहे? ते जमिनीच्या मालकीत आहे. खाण व पोलाद कंपन्यांकडे रूर प्रदेशातील प्रचंड जमीन होती. उद्योग मंदावल्यावरही त्या ती सोडायला तयार नसत. दुसरा मोठा उद्योग शेजारी आला तर कामगार तिकडे जातील, ही धास्ती त्यामागे होती. हा पेच सोडवण्यासाठी राज्य सरकारने १९८० च्या सुमारास एक भूमी निधी उभा केला आणि त्यातून ओसाड औद्योगिक जागा विकत घेऊन स्वच्छ करण्यास सुरुवात केली. १९८९ ते १९९९ या दहा वर्षांत एमशर उद्यान नावाचा मोठा पुनर्रचना प्रकल्प राबवला गेला. त्याचे प्रमुख कार्ल गान्झर यांनी जुने कारखाने पाडण्याऐवजी राखण्याचा आग्रह धरला. मात्र त्याहून दूरदृष्टीचे काम १९२० पासून अस्तित्वात असलेल्या प्रादेशिक संघाने केले. शहराशहरांच्या वर असलेल्या या संस्थेने बंद पडलेल्या मालवाहू रेल्वेमार्गांच्या पट्ट्या सलग ताब्यात घेतल्या. रूळ उखडल्यावर अशी पट्टी तुकड्यातुकड्यांनी विकली गेली की ती कायमची संपते: कुणी गोदाम बांधतो, कुणी कुंपण घालतो. पट्टी सलग राहिली तर तिच्यावर उद्या काय करायचे हे ठरवायला वेळ मिळतो.

बोखुमचा एर्त्सबान मार्ग हे त्याचे ठळक उदाहरण. नावाचा अर्थच खनिजाची रेल्वे. कालव्यावरील ग्रिमबर्ग बंदरात उतरलेले लोहखनिज या रुळांवरून बोखुमच्या पोलाद कारखान्याकडे जाई. शहरातील रस्त्यांना आणि इतर रेल्वेमार्गांना अडथळा नको म्हणून तो उंच भरावावर बांधला होता. त्यामुळे आज त्याच्या दहाएक किलोमीटरच्या वाटेवर सायकलस्वाराला चौक नाही, सिग्नल नाही, चढही जवळजवळ नाही, कारण खनिजाने लादलेल्या गाडीला चढ परवडत नसे. अवजड उद्योगाने स्वतःच्या सोयीसाठी केलेली ही आखणी सायकलीला इतकी मानवेल असे ती करणाऱ्यांच्या मनातही आले नसेल.

पाण्याची गोष्ट याहून खर्चिक आहे. उद्योग ऐन भरात असताना या प्रदेशाने दोन समांतर नद्यांची कामे वाटून टाकली होती. दक्षिणेची रूर पिण्याच्या पाण्यासाठी राखायची आणि उत्तरेची एमशर गटार म्हणून वापरायची. रूर आज ४० लाखांहून अधिक लोकांना पाणी पुरवते. एसेनजवळच्या बाल्डनाय तलावात पोहण्यावरची बंदी मात्र २०१७ मध्ये कुठे उठली. एमशरमध्ये शतकभर सांडपाणी उघड्यावर वाहत होते, कारण खाणींमुळे जमीन खचत असल्याने भूमिगत नळ टाकणे शक्य नव्हते. उत्खनन उत्तरेकडे सरकल्यावर १९९२ मध्ये तिच्या शुद्धीकरणाचे काम हाती घेतले गेले. ते २०२१ च्या अखेरपर्यंत चालले आणि त्यावर सुमारे ५५० कोटी युरो खर्च झाले. एवढ्यावर हिशेब मिटलेला नाही. काही ठिकाणी जमीन २० मीटरहून अधिक खचली आहे. पंप थांबले तर दाट वस्तीचे भाग पाण्याखाली जातील. खाणींतले आणि खचलेल्या भागांतले पाणी उपसण्याच्या या कामाला जर्मनीत ‘अनंतकाळची कामे’ असे नाव आहे. वर्षाला २० कोटी युरोंहून अधिक असलेला त्याचा खर्च २००७ मध्ये स्थापन झालेले एक प्रतिष्ठान २०१९ पासून उचलते. त्यासाठी कोळसा कंपनीच्या रसायन व्यवसायातील भागभांडवल आधीच त्याच्याकडे वळते करण्यात आले होते.

सध्याचा वाद आणखी एका वाटेचा आहे. १८ जुलै २०१० रोजी या प्रदेशातील महामार्गाचा ६० किलोमीटरचा पट्टा एका दिवसासाठी वाहनांना बंद केला गेला. एका बाजूला २० हजार टेबले मांडली गेली, दुसरी बाजू सायकलींना मिळाली आणि सुमारे ३० लाख लोक आले. (सायकलींचीही कोंडी होऊ शकते, हेही त्या दिवशी दिसले.) त्या उत्साहात डुइसबुर्ग ते हाम असा शंभरएक किलोमीटरचा जलद सायकलमार्ग आखला गेला. हा सहलीचा मार्ग नव्हे; रोज कामावर जाणाऱ्यांसाठीचा. २०१५ मध्ये म्युलहाइम ते एसेन हा पहिला भाग सुरू झाला. पुढे म्युलहाइममध्ये जुन्या रेल्वे पुलावरून तो रूर नदी ओलांडू लागला. सारा मार्ग २०२० पर्यंत पूर्ण होईल असे तेव्हा बोलले जात होते. प्रत्यक्षात अजून तुकडेच हाती आहेत. जिथे रेल्वेची सलग जागा सार्वजनिक ताब्यात होती तिथे काम झाले. जिथे ती नव्हती, किंवा मधल्या काळात तिच्यावर शहर उभे राहिले, तिथे ते मोजणी, हरकती आणि नकाशे यांत अडकले. २०१६ मध्ये अशा मार्गांना कायद्याने राज्य रस्त्यांचा दर्जा मिळाला. त्याबरोबर निधीची हमी आली आणि राज्य रस्त्यांची संथ कार्यपद्धतीही. पैसा असलेल्या, कायदा पाळणाऱ्या राज्याची ही गत आहे.

गोव्याचा या खोऱ्याशी संबंध केवळ तुलनेपुरता नाही. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या दशकात गोव्याच्या लोहखनिजाचा मोठा ग्राहक जपान असला, तरी पश्चिम जर्मनीही ते घेत होता. मांडवी आणि जुवारीतून बार्जेसने मुरगावला जाणारे खनिज परदेशच्या भट्ट्यांत वितळले. त्यांतल्या रूरच्या भट्ट्यांची आज संग्रहालये झाली आहेत. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत मात्र टाकाऊ मातीचे डोंगर, पाण्याने भरलेले खंदक आणि नदीकाठचे धक्के राहिले. २०१२ मध्ये उत्खनन थांबले, मर्यादा घालून पुन्हा सुरू झाले आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडले. लिलावानंतर एप्रिल २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यातून ते परत सुरू झाले. या काळात खाणअवलंबितांच्या चर्चेत ट्रक, बार्ज आणि थकलेले हप्ते हेच विषय राहिले. ते स्वाभाविक होते, कारण कर्ज घराघरावर होते.

तथापि न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या निकालात एक गोष्ट सांगून ठेवली आहे. खनिजाच्या विक्रीतील १० टक्के रक्कम गोवा लोहखनिज कायम निधीत ठेवावी, शाश्वत विकासासाठी आणि पिढ्यांमधील न्यायासाठी. रूरमध्ये पंपांचा खर्च ज्या तत्त्वावर चालतो, तेच हे तत्त्व: खनिज संपल्यावर येणारी बिले खनिजाच्याच पैशातून भागवायची. पैशाची ही तरतूद कागदावर आली आहे. जमिनीची आलेली नाही. धक्क्यांपर्यंत जाणारे खाणींचे रस्ते, धक्क्यांची नदीकाठची जागा, खंदकांभोवतीचा परिसर हे सारे लीज संपल्यावर कोणाच्या ताब्यात राहील आणि सलग राहील की तुकड्यांनी जाईल, हा प्रश्न लिलावाच्या बोलीइतक्या आवर्जून विचारला जात नाही. त्या जागेवर सायकली धावतील, शेतीचे पाट वाहतील की आणखी काही होईल, हे पुढची पिढी ठरवू शकते. जागाच उरली नाही तर ठरवायला काही राहणार नाही. रूरला हे उमजायला पहिल्या कोळसा संकटानंतर बावीसएक वर्षे लागली. गोव्यातील खाणी पहिल्यांदा थांबल्या त्या २०१२ मध्ये.