दिवा गावाचा, हिशेबही गावाचा

पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेला आमच्या शेतकऱ्याचा किंवा सुताराचा मुलगा परळ-लालबागच्या चाळीत राहत असेल, तर त्याच्या खोलीतील दिवा कोणाच्या मालकीचा? कंपनीचा नव्हे, सरकारचाही नव्हे, तो शहराचा. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत वीज पुरविते ती बेस्ट, आणि बेस्ट ही महानगरपालिकेची, म्हणजे पट्टी भरणाऱ्या रहिवाशांची मिळकत आहे. शीव ओलांडून उपनगरांत गेले की वीज खासगी कंपनीची, नाहीतर राज्याच्या महावितरणची.

पूर्वी असे नव्हते. 1905 साली निघालेली एक खासगी कंपनी वीजही विकी आणि ट्रामही चालवी. 7 ऑगस्ट 1947 रोजी महापालिकेने हा सर्व पसारा आपल्या ताब्यात घेतला. तेव्हापासून नफा भागीदारांच्या खिशात न जाता शहरातच राहू लागला. अनेक वर्षे विजेच्या शिलकीतून बसचा तोटा भरून निघाला. ज्याच्या दुकानात वीस दिवे, त्याचा पहाटे कामावर जाणाऱ्या हमालाच्या तिकिटाला हातभार लागला.

कित्येक शहाणे विचारतात, विजेच्या गिऱ्हाइकाने बसच्या उतारूचे ओझे का वाहावे? प्रश्न खोटा नाही. 2003 च्या वीज कायद्यानंतर तो वीज नियामक आयोगापुढेही गेला. आमचे म्हणणे एवढेच की, चाळीतील एका दिव्यावर आणि पेढीवाल्याच्या झगमगाटावर सारखाच बोजा टाकला तर तो अन्याय होय. ऐपत पाहून टाकला तर ती खरी गावकी होय. विहीर खणताना चार बैलजोड्यांचा धनी आणि हातावर पोट असलेला मजूर सारखी वर्गणी देत नाहीत. पाणी मात्र दोघांनाही भरता आले पाहिजे.

परंतु नुसत्या कागदावरच्या मालकीने भागत नाही. बेस्टच्या कारभारावर नजर ठेवण्यास बेस्ट समिती असते व तीत नगरसेवक बसतात. दर का वाढला, रस्त्यावरचा दिवा का विझला, हे तेथे विचारता येते. कंपनीच्या दारात गरिबाला ही सोय नसते. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक न झाल्यामुळे पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकानेच सर्व कारभार पाहिला. त्याच काळात, मे 2025 मध्ये, बसचे किमान भाडे 5 रुपयांचे 10 रुपये झाले. तोटा खरा असेल, वाढ अटळही असेल. पण उतारूच्या वतीने जाब विचारणारा निवडलेला सभासद त्या वेळी सभेत नव्हता. जमीन आपली, सातबारा आपला, पण खळ्यावरचे माप दुसऱ्याच्या हाती, अशातली ही गत झाली!

आणखी एक हिशेब खेड्यातल्या माणसाने विसरू नये. बेस्टने पुष्कळ वर्षे टाटा कंपनीची वीज घाऊक घेऊन घरोघर वाटली. ती वीज सह्याद्रीच्या पाण्यावर 1915 पासून खोपोलीस, व पुढे भिवपुरी आणि भिरा येथे निघू लागली. भिऱ्यास पाणी देणाऱ्या मुळशीच्या धरणात मावळच्या शेतकऱ्यांची भातखाचरे बुडाली. 1921 साली त्यांनी सेनापती बापटांसह सत्याग्रह केला. तरी धरण झालेच. मुंबईच्या दिव्याची वात शहराची असेल, पण तीत तेल मावळच्या कुळाचेही जळाले आहे. त्या कुळाला मुंबईच्या सभेत मत नव्हते, आजही नाही.

म्हणून ज्याला मत आहे, त्याने ते झोपेत दवडू नये. वाचकहो, मुंबईतील आपल्या मुलाबाळांना कळवा की मत मागण्यास कोणी दारी आला, तर त्याच्या जातीची, गावाची चौकशी पुरे. विजेचा दर, बसचे भाडे आणि बेस्टचा जमाखर्च त्याला विचारा. मालकाने हिशेब मागितला नाही, तर नोकर मालक होतो.