जुन्या रेसरवर पैसे कुठवर घालावेत?

ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या स्टीलच्या, वाकड्या हँडलच्या, पाच-सहा गिअरच्या रेसर सायकली अनेक घरांत माळ्यावर किंवा जिन्याखाली पडून आहेत. त्या खाली उतरवल्या, पुसल्या की लगेच मोह होतो : आता हिला नवे गिअर बसवू, नवे लिव्हर लावू, आजच्या सायकलींच्या बरोबरीला आणू. माझं मत असं की अशी सायकल जरूर रस्त्यावर आणावी, पण ती नीट धावेल आणि वेळेवर थांबेल इतपतच खर्च करावा. त्यापुढच्या पैशांतून हाती फार काही लागत नाही.

पहिला प्रश्न फ्रेमचा. फ्रेम तुमच्या मापाची नसेल, तर बाकी काहीही बदलून पाठ आणि गुडघे दुखायचे थांबणार नाहीत. तेव्हा तिथेच विषय संपवावा. मापाची असेल, तर सीटचा दांडा सैल करून वर ओढून पाहा. तो नळीत गंजून घट्ट बसला असेल, तर काढताना फ्रेमच जायबंदी होऊ शकते. मग सायकल उलटी करून हँडलच्या नळीखालून निघणारी तिरकी नळी बोटाने चाचपा. सांध्याच्या जरा मागे, खालच्या अंगाला रंगाला सुरकुती किंवा उंचवटा लागला, तर ती सायकल कधीतरी समोरून जोरात आदळलेली आहे. क्रँकचा एक्सल जिथे फिरतो, ती जागाही उघडायला लावावी, कारण सीटच्या नळीतून उतरलेलं पावसाचं पाणी तिथे साचतं. आत तांबूस भुकटी दिसली तर घाबरण्याचं कारण नाही. पापुद्रे सुटत असतील, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत ते सहज होतं, तर मात्र त्या फ्रेमवर एक रुपयाही घालू नये.

फ्रेम खणखणीत निघाली, तर पहिला पैसा चाकांवर आणि ब्रेकवर. जुन्या क्रोम केलेल्या लोखंडी रिम ओल्या झाल्या की ब्रेकचं रबर त्यांच्यावर नुसतं घसरतं. ज्या प्रदेशात चार महिने पाऊस आहे, तिथे हा दोष जिवावर बेतू शकतो. अॅल्युमिनियमच्या रिम, नवे ब्रेकशू, नव्या वायरी आणि भेगा न पडलेले टायर एवढ्याने सायकल पार बदलते. अनेक जुन्या रेसरना २७ इंची चाकं असतात. त्याऐवजी आज सर्रास मिळणारी ७०० सी चाकं घातली, तर रिमची त्रिज्या ४ मिलिमीटरने कमी होते. तेव्हा ब्रेकशू तेवढे खाली सरकतात का, हे चाकं विकत घेण्याआधी पट्टीने मोजावं. सरकत असतील तर टायरची निवड एकदम वाढते, आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर थोडा रुंद टायर हाच मोठा दिलासा असतो.

गिअरच्या बाबतीत मात्र हात आखडावा. सहा-सात गिअरच्या फ्रेममध्ये मागच्या चाकासाठी साधारण १२६ मिलिमीटर जागा असते, तर पुढे आलेल्या आठ ते अकरा गिअरच्या रिम-ब्रेक सायकलींना १३० लागते. स्टील दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिलिमीटर फाकवता येतं, हे खरं. पण नव्या हबपाठोपाठ नवी कॅसेट येते, तिच्यामागे चेन, मग डिरेलर, मग लिव्हर. आणि एवढ्या सुट्या भागांच्या किमतीत बऱ्याचदा एक नवी सायकल येते. उलट जुन्या, टक-टक न करणाऱ्या गिअर-दांडीला मधले टप्पेच नसल्यामुळे तिचं जवळजवळ कुठल्याही फ्रीव्हीलशी जमतं. घाट चढायचा असेल, तर २४ दात्यांच्या जागी २८ दात्यांचं फ्रीव्हील घालावं. जुना डिरेलर तेवढ्याला पुरतो का, हे आधी बघावं. पुढे ४२ दाते धरले, तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.७ मीटरऐवजी ३.१५ मीटर पुढे जाते. दिवे घाटात पायांना हा फरक लगेच कळतो.

यावर हमखास येणारा आक्षेप वजनाचा. स्टील जड आहे, मान्य. पण ७० किलोचा माणूस आणि ११ किलोची सायकल मिळून ८१ किलो होतात. त्यातून दोन किलो उतरवले, तर चढावर लागणारा वेळ जेमतेम अडीच टक्क्यांनी घटतो, आणि सपाटीवर फरक जाणवतही नाही. शर्यतीत उतरणाऱ्याला ते अडीच टक्के हवेच असतात. त्याने नवीच सायकल घ्यावी. रोज कामावर जाणाऱ्याला किंवा रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्याला त्यासाठी हजारो रुपये मोजण्याचं कारण नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक पटतो. सगळं स्टील सारखं नसतं. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ मध्ये आणलेल्या ५३१ सारख्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. त्यांची फ्रेम हलकी आणि लवचीक होते. परदेशातून आलेली अशी एखादी फ्रेम हाती लागली, तर तिच्यावर जास्त खर्च करायला माझी हरकत नाही. फक्त कुठे तडा दिसला, तर ती कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नये. या नळ्या मुळात पितळ किंवा चांदीच्या मिश्रधातूने, बेताच्या उष्णतेवर जोडलेल्या असतात. वेल्डिंगच्या आचेने पातळ नळी सांध्यालगत कमजोर होते आणि पुढचा तडा तिथेच जातो.