फेटकासेम रस्त्यावरचे ‘पर्याय’

थायलंडच्या आखातावरील हुआ हिन या गावी राजघराण्याचा एक वाडा आहे. त्याचे नाव ‘क्लाय कांगवोन’, म्हणजे ‘चिंतेपासून दूर’. राजा प्रजाधिपोक याने १९२०च्या दशकात तो बांधून घेतला. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये निरंकुश राजेशाही उलथून पडली तेव्हा राजा याच वाड्यात होता. चिंतेला तेथील पत्ता ठाऊक होता, एवढाच याचा अर्थ. आज त्याच गावात चिंतेपासून दूर राहू पाहणारा निराळा वर्ग वस्तीस आला आहे: ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, स्कँडिनेव्हिया येथील सेवानिवृत्त माणसे. गोऱ्या परदेशी माणसाला थाई लोक ‘फरांग’ म्हणतात. मराठीतल्या ‘फिरंगी’चा हा शब्द भाऊबंदच.

या फरांग मंडळींना हुआ हिनमध्ये खासगी रुग्णालयांचे किती ‘पर्याय’ आहेत, याची वर्णने मोठ्या कौतुकाने केली जातात. एकाच फेटकासेम महामार्गावर सान पाउलो आहे, बँकॉक हॉस्पिटलची शाखा आहे, आणि सरकारी हुआ हिन रुग्णालयही आहे. इंग्रजी जाणणाऱ्या परिचारिका, दुभाषे आणि हॉटेलला शोभतील अशा खोल्या यांचा पाढा वाचून झाला की लगेच निष्कर्ष काढला जातो: बाजाराला मोकळे सोडा, आरोग्यसेवा आपोआप सुधारेल, देशाला परकीय चलन मिळेल आणि स्थानिकांना रोजगार. हा युक्तिवाद वरवर पाहता निरुपद्रवी वाटतो. परंतु तो थायलंडपुरता थांबत नाही, म्हणून त्याची तपासणी करणे भाग आहे.

प्रथम इतिहास. परदेशी रुग्णांसाठीचा हा थाट कोणाच्या दूरदृष्टीतून उभा राहिला नाही. त्याला मोठी चालना दिली ती एका दिवाळखोरीने. २ जुलै १९९७ रोजी बाट कोसळला. डॉलरला पंचवीस बाट मिळत होते, ते काही महिन्यांत पन्नासांवर गेले. तेजीच्या काळात कर्जे काढून बांधलेल्या खासगी रुग्णालयांच्या खाटा रिकाम्या पडल्या, कारण थाई मध्यमवर्गाचा खिसाच फाटला होता. मग ज्यांच्या खिशात डॉलर आणि पौंड होते त्यांचा शोध सुरू झाला. पुढे शासनानेच देशाला आशियाचे वैद्यकीय केंद्र बनवण्याचे धोरण जाहीर करून या शोधावर राजमुद्रा उमटवली. ज्या बँकॉक दुसित कंपनीची शाखा हुआ हिनमध्ये आहे, तिचे समभाग १९९१पासून शेअरबाजारात आहेत आणि तिच्या छत्राखाली आज पन्नासांहून अधिक रुग्णालये आहेत. समितीवेज, फायाथाई, पाओलो ही वेगवेगळ्या नावांची रुग्णालये याच एका घरची. पाट्या अनेक आणि तिजोरी एक, अशा व्यवस्थेला ‘निवड’ म्हणायचे की मक्तेदारी, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता, या रुग्णालयांतले डॉक्टर आले कोठून? त्यांतील बहुतेकांना थाई करदात्याच्या पैशाने चालणाऱ्या विद्यापीठांनी शिकवले आहे. पदवीनंतर तीन वर्षे सरकारी सेवा करण्याचा करार त्यांच्याकडून लिहून घेतला जातो. तो मोडल्यास चार लाख बाट दंड. श्रीमंत कुटुंबाच्या दृष्टीने हा दंड नसून दक्षिणा आहे. ज्यांनी करार मोडला नाही, उलट तोच आयुष्याचा मार्ग केला, अशीही एक पिढी त्या देशात झाली, आणि तिच्याबद्दल कौतुकवाले चकार शब्द काढीत नाहीत. १९७३च्या विद्यार्थी उठावातून घडलेले हे तरुण डॉक्टर ईशान्येच्या दरिद्री प्रांतांत गेले. त्यांपैकी सांगुआन नित्यारुम्फोंग यांनी सीसाकेत प्रांतातील रासी सालाय येथे काम करताना उपचारांच्या खर्चापायी कुटुंबे कशी विकली जातात हे पाहिले. पुढे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सार्वत्रिक आरोग्यसेवेची योजना आखली, जनसंघटनांनी कायद्यासाठी पन्नास हजारांहून अधिक सह्या गोळा केल्या, आणि २००२ साली राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा झाला. दर भेटीला तीस बाट, बाकीचा भार सामान्य करांतून. सुमारे पावणेपाच कोटी माणसे आज या योजनेत आहेत. लक्षात घ्यावे की हे त्याच १९९७च्या आपत्तीनंतर, राष्ट्र कफल्लक असताना घडले. ‘आधी श्रीमंत व्हा, मग कल्याणकारी व्हा’ असे सांगणाऱ्या अर्थपंडितांना याचे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

या योजनेत सारे आलबेल आहे असे नव्हे. सरकारी रुग्णालयांत रांगा आहेत, तज्ज्ञांची वाण आहे, आणि सरकारी नोकरांसाठी अधिक सढळ अशी वेगळी योजना कायम ठेवल्याने समतेच्या तत्त्वाला तडा गेलेला आहे. परंतु ती रांग लांबते यामागे, शिकून तयार झालेले हात त्याच रस्त्यावरील काचेच्या इमारतीत जातात हेही एक कारण आहे. परकीय चलनाचा हिशेब मांडताना ही बाजू कोठे लिहिली जाते?

बरे, ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो फरांग तरी सुखी आहे काय? ब्रिटनचा कामगार जन्मभर कर भरून राष्ट्रीय आरोग्यसेवा पोसतो. तो देश सोडून थायलंडला स्थायिक झाला की त्या सेवेवरील त्याचा हक्क जातो, कारण हक्क वास्तव्याशी बांधलेला आहे. त्याचे सरकारी निवृत्तिवेतनही तेथे गोठते; महागाई वाढते, रक्कम वाढत नाही. अमेरिकन वृद्धाचे ‘मेडिकेअर’ देशाबाहेर जवळजवळ निरुपयोगी. मग उरतो खासगी विमा. त्याचा हप्ता वयाबरोबर चढतो, जुना आजार त्यातून वगळला जातो, आणि सत्तरी ओलांडलेल्याला नवी विमापत्रे मिळणेच दुरापास्त होते. ज्या वयात गरज सर्वांत मोठी, नेमक्या त्याच वयात बाजार पाठ फिरवतो. अशा माणसाला हृदयविकाराचा झटका आला की त्याचे ‘पर्याय’ किती उरतात? अनामत रकमेची पावती फाडणारे खासगी दार, नाही तर तेच सरकारी रुग्णालय, ज्याच्या उभारणीत त्याचा वाटा नाही.

शासनाने यावर काढलेला तोडगा बोलका आहे. ऑक्टोबर २०१९पासून दीर्घ मुदतीच्या एका निवृत्ती व्हिसासाठी आरोग्यविमा सक्तीचा करण्यात आला. आंतररुग्ण उपचारांसाठी चार लाख बाट संरक्षणाची अट होती, ती २०२१मध्ये तीस लाखांवर नेण्यात आली. म्हणजे राज्यसत्तेने आपला दंडुका विमा कंपन्यांच्या हाती दिला. त्याच वर्षी, २०१९मध्ये, औषधे व वैद्यकीय सेवा किंमत-नियंत्रणाच्या यादीत घालण्यात आल्या, आणि खासगी रुग्णालयांनी आकांत केला. वास्तविक बंधन आले ते दर जाहीर करण्याचे, दर कमी करण्याचे नव्हे.

आणि दुसरा मार्ग शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. हुआ हिन ज्या प्राचुअप खिरी खान प्रांतात आहे, तेथील अननसांच्या बागांत व मासेमारीच्या धक्क्यांवर म्यानमारमधून आलेले मजूर राबतात. सामाजिक सुरक्षा योजनेत न बसणाऱ्या अशा मजुरांसाठी थाई आरोग्य मंत्रालयाची विमापत्रिका आहे: वर्षाची ठरावीक रक्कम भरावी आणि सरकारी रुग्णालयात उपचार घ्यावेत. तिची अंमलबजावणी अपुरी आहे, कागदपत्रांवाचून असंख्य मजूर बाहेर राहतात; पण तत्त्व सिद्ध झाले आहे. परक्या मजुराला सार्वजनिक निधीत घेता येते, तर परक्या पेन्शनराला, त्याच्या ऐपतीप्रमाणे मोठी वर्गणी घेऊन, का घेता येऊ नये? गरीब थाई शेतकऱ्याने श्रीमंत इंग्रजाला का पोसावे, हा आक्षेप योग्य आहे. परंतु तो बाजारू व्यवस्थेलाच अधिक लागू पडतो, कारण आज शेतकऱ्याच्या कराने शिकलेला डॉक्टर इंग्रजाला मिळतो आणि नफा भागधारकाला. वर्गणीतून निदान हुआ हिनच्या सरकारी रुग्णालयात एखादा तज्ज्ञ वाढेल.

भारतात २००२च्याच राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परदेशी रुग्णांवरील खासगी उपचारांना निर्यातीचा दर्जा देण्याची भाषा केली. एका वर्षी थायलंडने सर्वांसाठी कायदा केला, आणि त्याच वर्षी येथे निर्यातदारांची काळजी वाहिली गेली. महाराष्ट्रात धर्मादाय रुग्णालयांना सवलती मिळतात, त्या बदल्यात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखण्याचे बंधन कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६च्या योजनेने घातलेले आहे. परदेशी रुग्णांच्या स्वागतकक्षाचे उद्घाटन होईल तेथे कार्यकर्त्यांनी जावे, आणि त्या दिवशी राखीव खाटांपैकी किती भरलेल्या आहेत याची नोंदवही मागावी.