फूड लायसन्सचा दाखला आणि पिकलेलं बोट

"डॉक्टर, नुसती सही पाहिजे. तपासायचं काही नाही."

पर्यटकांचा हंगाम जवळ आला की आगरदांड्यात हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. जेटीवर दिघीला जाणाऱ्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते आणि रांगेतल्या माणसाला भूक लागतेच. त्यामुळे इथल्या कितीतरी घरांतून मोदक, सोडे, जवळ्याची चटणी, कोकमाचं आगळ विकायला बाहेर पडतं. बायकांच्या हातात चार पैसे येतात, मला त्याचा आनंदच आहे.

गेल्या वर्षी बचत गटातल्या एक वहिनी असाच फॉर्म घेऊन आल्या. फॉर्म डाव्या हाताने पुढे सरकवला, उजवा पदराखाली. मी म्हटलं, "दुसरा हात बघू." तर्जनीला चिंधी बांधलेली. सोडून पाहिलं तर विळीने कापलेली जखम चांगलीच पिकलेली होती. आणि शनिवारी दोनशे मोदकांची ऑर्डर!

आधी त्या कागदाबद्दल थोडं सांगतो, कारण याबाबत गैरसमज फार आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. या नियमांनी वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान उत्पादकाला लायसन्स नाही, साधी नोंदणी पुरेशी ठरवली. फी वर्षाला १०० रुपये. अर्ज, फोटो, ओळखपत्र, की झालं. एजंटला याच्या कित्येक पट पैसे देऊन आलेले पेशंट मला भेटलेत, म्हणून मुद्दाम सांगतो. नोंदणी जरूर करा. पाकिटावरच्या १४ अंकी नंबरामुळे माल कुणाचा हे कळतं. उद्या कुणाला त्रास झाला तर उरलेला माल कुठून परत मागवायचा हेही कळतं. बिननावाच्या पिशवीतलं खाऊन आलेल्या पेशंटसमोर मी आंधळा असतो.

आणि धंद्याच्या बाजूनेही बघा. २०१८ साली गोव्यात मासळीतल्या फॉर्मेलिनवरून गदारोळ झाला. त्यानंतर बाहेरून मासळी आणणाऱ्यांना तिथल्या अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडी सक्तीची झाली. कोंडी झाली ती शेजारच्या सिंधुदुर्गातल्या लहान मासळीवाल्यांची. कागद वेळेवर लागला की धावपळ किती होते, ते त्यांना विचारा.

पण नोंदणी म्हणजे तुमचं स्वयंपाकघर कुणी तपासून पाहिलं, असं समजू नका. त्याच नियमांत अशी सोय होती की अर्जानंतर सात दिवसांत मंजुरी, नकार किंवा तपासणीचा आदेश यातलं काहीच आलं नाही, तर लहान उत्पादकाने काम सुरू करावं. मोठ्या लायसन्सवाल्या उद्योगात अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी लागते. लहान नोंदणीत अट एवढीच, की संसर्गजन्य आजार असलेल्याने काम करू नये आणि जखम झाकलेली असावी. तरी माल घेणारे हॉटेलवाले डॉक्टरचा दाखला मागतात आणि लोक माझ्याकडे येतात. खरं सांगतो, पूर्वी ओळखीच्या माणसांचे असे काही दाखले मीही मान वर न करता सही करून दिलेत. आज त्याची लाज वाटते.

पिकलेल्या बोटाचं एवढं काय? पुवात बहुधा स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू असतात. ते उकडीत किंवा सारणात गेले आणि ते भांडं दमट हवेत काही तास तसंच राहिलं, तर जंतू वाढतात आणि विष तयार करतात. मग मोदक वळून खणखणीत वाफ दिली तरी जंतू मरतात, विष शाबूत राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू. पर्यटक तोवर श्रीवर्धनला पोचलेला असतो. बहुतेक जण एका दिवसात बरे होतात, पण लहान मूल किंवा म्हातारं माणूस पाणी कमी होऊन अत्यवस्थ होऊ शकतं.

मी वहिनींना सांगितलं, "जखम भरेपर्यंत पिठाला हात नाही." त्यांनी शांतपणे विचारलं, "मग तेवढ्या दिवसांचे माझे पैसे कोण देणार?"

मला उत्तर देता आलं नाही. मेरी मॅलनची गोष्ट वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना 'टायफॉइड मेरी' म्हणून सांगतात. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण, स्वतः ठणठणीत, पण शरीरात टायफॉइडचे जंतू. १९१० साली पुन्हा स्वयंपाक करणार नाही या बोलीवर तिला अलगीकरणातून सोडलं. धुण्याच्या कामात मिळकत कमी, म्हणून ती नाव बदलून परत चुलीकडे गेली. १९१५ मध्ये एका प्रसूतिगृहात २५ जणांना टायफॉइड झाला, दोघे दगावले. पुढे १९३८ मध्ये मरेपर्यंत ती अलगीकरणातच राहिली. शिकताना मला ती हट्टी बाई वाटली होती. आता वाटतं, तिला तेवढ्याच पगाराचं दुसरं काम कुणी का दिलं नाही?

म्हणून माझं मत असं आहे, की आजारी बाईचा रोज बुडणार असेल तर ती आजार लपवणारच, दाखला कितीही कडक करा. बचत गटांनी प्रत्येक ऑर्डरमागे थोडे पैसे बाजूला काढावेत. ज्या बाईला जुलाब, ताप, कावीळ किंवा पिकलेली जखम असेल तिला त्यातून घरी बसल्याचे पैसे द्यावेत. जुलाब-उलट्या थांबल्यावरही दोन दिवस अन्नाला हात नको, ते दिवसही यात धरा. नुसती जखम असेल आणि बाकी तब्येत बरी असेल, तर हिशोब लिहिणं, फोन घेणं ही कामं आहेतच.

त्या शनिवारी मोदक वहिनींच्या जावेने वळले. पैसे दोघींनी कसे वाटून घेतले ते मी विचारलं नाही. दाखल्यावर सही मी तीन आठवड्यांनी केली, दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावून.