किंमत चकाकीची नव्हे



ऑर्डरप्रमाणे घडवलेल्या अमेरिकी पिस्तुलांवरचे पत्र वाचले. ‘डिझाइन जॉन ब्राउनिंगचेच, मग कित्येक पट किंमत कशाची? चकाकीची!’ हा निष्कर्ष पटला नाही.

शस्त्ररचनाकार ब्राउनिंगचे, १९११ साली अमेरिकी लष्कराने स्वीकारलेले पिस्तूल दुसऱ्या महायुद्धात कोल्टखेरीज रेमिंग्टन रँड, इथाका या कारखान्यांनीही बनवले. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलात बसायला हवा, म्हणून सांध्यांत थोडी सैल जागा मुद्दाम ठेवलेली असे. ऑर्डरप्रमाणे पिस्तूल घडवणारा कारागीर मात्र जास्तीचा धातू ठेवलेले भाग घेतो आणि कानशीने घासत, पुन्हा पुन्हा बसवून पाहत, ही जागा संपवतो. मुठीच्या पुढच्या बाजूला इंचाला २० किंवा ३० रेघांची जाळी हाताने कोरायची, तर एक वाकडी रेघही लपत नाही.

मात्र घट्टपणा म्हणजेच दर्जा, हा विक्रेत्यांचा लाडका दावाही खोटा. फार घट्ट बसवलेले पिस्तूल धुळीत अडते. खरी परीक्षा अशी: रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, हळू ओढावी, ती कुठेही अडखळू नये. बंद असताना नळीच्या मागच्या टोकावर अंगठा दाबावा, ती हलू नये. नक्षीकाम आणि नावाचा दबदबा यांचे पैसे वेगळे, एवढे पत्रलेखकाचे म्हणणे मान्य.

आर्कान्सामधील नाइटहॉक कंपनीत एक पिस्तूल अथपासून इतिपर्यंत एकच कारागीर घडवतो आणि मुठीच्या पट्टीखाली आपली आद्याक्षरे उमटवतो. चकाकीसाठी कोणी सही करत नाही.

— एक वाचक, पुणे