भात सोडलेला लढवय्या आणि वजनकाट्याची भूल

कुंभकोणम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले, भातखाचरांनी वेढलेले नगर. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला उभारलेल्या मराठा राज्यात ते मोडत असे आणि त्या काळी दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज त्या परिसरात आजही नांदतात. भात हा तेथील ताटाचा पाया. अशा गावात सिलंबम, बॉक्सिंग किंवा कुस्ती शिकणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला 'भात सोड, चरबीवर चाल' असा सल्ला मिळाला, तर त्याला आहाराबरोबर घराची पंगतही सोडावी लागते. एवढी किंमत मागणाऱ्या सल्ल्यामागे पुरावाही तेवढाच भक्कम हवा. तो तसा नाही.

किटो आहारात दिवसाची कर्बोदके साधारणतः ५० ग्रॅमच्या आत ठेवतात. तीनशे ग्रॅम शिजलेल्या भातातच ती सुमारे ८० ग्रॅम असतात. पहिल्या आठवड्यात काटा दीड-दोन किलोंनी उतरतो आणि प्रशिक्षक खूष होतो. पण उतरले काय? स्नायू आणि यकृत यांत मिळून अंदाजे ५०० ग्रॅम ग्लायकोजन साठलेले असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी. साठा रिकामा झाला की ते पाणीही जाते. शिवाय इन्सुलिन घटल्याने मूत्रपिंडे सोडियम अधिक बाहेर टाकतात. कुंभकोणमच्या दमट उकाड्यात दोन तास घाम गाळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही बाब किरकोळ नव्हे. काट्याने दाखवलेले यश म्हणजे बहुतांशी गेलेले पाणी आणि गेलेले इंधन. चरबीचा वाटा त्यात थोडा.

किटोचे समर्थक एक हिशेब हमखास मांडतात: शरीरात साखरेची ऊर्जा जेमतेम २००० किलोकॅलरी आणि दहा किलो चरबीत तिच्या चाळीसपट, मग लहान टाकीवर का विसंबावे? हिशेब बरोबर, प्रश्न चुकीचा. लढतीत ऊर्जेइतकीच शक्तीही लागते, म्हणजे ती ऊर्जा किती वेगाने मिळते हे पाहावे लागते. रामानुजन ज्या गावात वाढले तेथल्या विद्यार्थ्याला हा भेद अवघड जाऊ नये. कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. पहिल्या काही सेकंदांच्या उसळीला फॉस्फोक्रिएटीन पुरते. त्यापुढे प्राणवायू अपुरा पडू लागला की ग्लुकोज त्याच्याविनाही विघटित होऊन एटीपी देते. चरबीला ही सोय नाही. प्राणवायूशिवाय ती जळतच नाही. प्राणवायू मिळाला तरी तिचा भाव महाग: ग्लुकोजच्या एका रेणूला प्राणवायूचे ६ रेणू लागतात आणि सुमारे ३१ एटीपी मिळतात; पामिटिक आम्लाला २३ लागतात आणि १०६ मिळतात. प्राणवायूच्या प्रत्येक रेणूमागे ५.२ विरुद्ध ४.६. दम लागलेल्या माणसासाठी हा तोटा फार मोठा आहे.

लुईस बर्क यांच्या गटाने २०१७ साली अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतपटूंवर केलेल्या प्रयोगात नेमके हेच दिसले. तीन आठवड्यांच्या किटोनंतर चरबी जाळण्याची क्षमता खूप वाढली. पण त्याच वेगासाठी अधिक प्राणवायू लागू लागला आणि कर्बोदके खाणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली असता किटोगटाची सुधारली नाही. ही तर लांब पल्ल्याची क्रीडा! विरुद्ध बाजूचा पुरावाही सांगायला हवा. २०१४ च्या एका कोरियन अभ्यासात किटोवरील तायक्वांदोपटूंना थकवा कमी जाणवला. पण खेळाडू अवघे वीस आणि कालावधी तीन आठवडे. एवढ्या पायावर पोरांचे ताट बदलता येत नाही.

मराठी वाचकांना आणखी एक युक्तिवाद ऐकवला जातो: कोल्हापूरच्या तालमीतले पैलवान तूप-बदामावरच पोसले, म्हणजे आपले आजोबा किटोवरच होते! हा युक्तिवाद करणाऱ्याने खुराकाचे भांडे नीट पाहिलेले नसते. दोन लिटर दुधात लॅक्टोज ही साखर सुमारे ९५ ग्रॅम असते. किटोची दिवसाची मर्यादा तेथेच दुपटीच्या जवळ जाते. थंडाईत साखर, जेवणात भाकरी. तूप त्यावर पडे, त्याऐवजी नव्हे. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी पदक जिंकले ती परंपरा कर्बोदकांना भिणारी नव्हती.

किटो मुळात १९२१ साली मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी अपस्मारासाठी सुचवलेला उपचार आहे. वैद्यकीय देखरेखीखाली त्याचे मोल निःसंशय आहे. आखाड्यात तो वजनगट गाठण्याची युक्ती म्हणून शिरला आणि तेथेच धोका आहे. अगोदरच पाणी गमावलेल्या शरीराला वजनाच्या आदल्या दिवशी आणखी सुकवायला सांगितले जाते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत जेमतेम महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन उतरवताना दगावले. ते किटोवर नव्हते, पाणी तोडत होते. त्यानंतरच तेथे शरीरातील पाण्याची चाचणी आणि चरबीची किमान मर्यादा सक्तीची झाली.

तेव्हा किटो सुचवणाऱ्या प्रशिक्षकाने पहिल्या आठवड्याचा काटा दाखवून थांबू नये. त्याच मुलाने तिसऱ्या फेरीत किती ठोसे मारले, आहारापूर्वी किती मारत होता आणि पुन्हा भात खाल्ल्यावर दोन दिवसांत वजन किती परत आले, हे तीन आकडे त्याने वहीत लिहून मुलाच्या आईवडिलांसमोर ठेवावेत.